कुंपणाच्या आतले शुभवर्तमान

नव्या करारातील पहिल्या चार पुस्तकांना मराठी ख्रिस्ती माणूस ‘शुभवर्तमान’ म्हणतो. या शब्दाकडे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. वर्तमान म्हणजे बातमी. उपदेश नव्हे, शास्त्र नव्हे, आज्ञाही नव्हे. काहीतरी घडले आहे आणि ते तुम्हांस सांगावयास आलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. बातमीचा स्वभाव असा की, ती ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही, तर त्याच्यापुरती ती खोटी ठरते. कर्ज माफ झाल्याची वार्ता गावात आली आणि दुसऱ्या दिवशी सावकाराचा माणूस पूर्वीप्रमाणेच दाराशी येऊन बसला, तर कुळाने त्या वार्तेचे काय करावे?

आम्ही धर्माने ख्रिस्ती नाही. खंडनमंडनाची हौसही आम्हांस नाही. ते काम गेल्या शतकात दोन्ही बाजूंनी इतके झाले की त्याची कात्रणे वाचतानाच दमायला होते. इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आमच्या मते वेगळाच आहे. रविवारी उपासनामंदिरात सांगितली गेलेली ही बातमी सोमवार ते शनिवार या आमच्या सोलापुरात कोठवर पोहोचली, आणि कोठे येऊन अडली?

हा प्रश्न सोलापुरात विचारणे विशेष योग्य होय. कारण धर्माची पारख कामावरून करण्याची या गावची रीत जुनी आहे. सिद्धरामेश्वरांचे माहात्म्य एखाद्या सोलापूरकराला विचारा. तो तत्त्वज्ञान सांगत बसणार नाही, तळ्याकडे बोट दाखवील. बाराव्या शतकातल्या त्या शिवयोग्याने तळे खोदविले, आणि पुढे आठशे वर्षे गावाने त्याला त्या पाण्यावरून ओळखले. असल्या गावात एक नवा धर्म आपली वार्ता घेऊन आला, तेव्हा लोकांनी मनात विचारलेच असेल की, याचे तळे कोठे आहे?

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली अहमदनगरास गेले, आणि १८६० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी सोलापुरात ठाणे दिले. १८६० सालीच येथे आगगाडी आली होती. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ पडला, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुन्हा १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. रेल्वे, दुष्काळ आणि गिरणी या तिहींनी मिळून आजचे सोलापूर घडविले. खेड्यात पोट भरेनासे झालेला माणूस भोंग्याच्या आवाजावर शहरात येऊन राहू लागला. मिशनला भेटला तो मुख्यतः हा माणूस. वेदान्ताची चर्चा करणारा शास्त्री नव्हे.

त्याच्यासाठी मिशनने काय केले याची यादी देण्याचे येथे कारण नाही. शाळा काढल्या, दुष्काळातील पोरक्या मुलांना सांभाळले, मुलींना शिकविले. एका गोष्टीचा मात्र उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मेरी हार्डिंग नावाच्या मिशनरी बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापुरात बालवर्ग सुरू केला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणाच्या चळवळीला तेव्हा अजून दोन दशके अवकाश होता. तीन-चार वर्षांच्या पोराला शाळेत आणून छडी न उगारता गाणी म्हणावयास लावणे, मातीचे गोळे करावयास देणे, हा प्रकार पाहून आमच्या पणजोबांच्या पिढीने काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. छडीवाचून विद्या येते ही सुद्धा त्या काळी बातमीच होती.

मात्र नित्य व्यवहारातील खरी कसोटी शाळेत नव्हती. ती पाण्याच्या भांड्यापाशी होती. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळ कोसळले. त्या वियोगातला काही काळ त्यांनी आपल्या या जिल्ह्यातच, पंढरपुरात काढला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना तेथील दिवस आठवतच असतील. पुढे त्या पतीकडे परत गेल्या, तरी त्यांचे सोवळे काही केल्या सुटेना. नवरा ख्रिस्ती आणि बायकोचा पाण्याचा घडा वेगळा, असा संसार चालला. मग एके दिवशी त्यांचा त्यांनाच प्रश्न पडला की, जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळताच आजपासून आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ, असे त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. सोवळे त्याच्या आधी सुटले होते. आमच्या दृष्टीने हा क्रम फार महत्त्वाचा आहे. शुभवर्तमान प्रथम स्वयंपाकघरात पोहोचले आणि उपासनामंदिरात नंतर.

पुण्याहून सोलापूरकडे येताना लागणाऱ्या केडगावात पंडिता रमाबाईही त्याच सुमारास दुसऱ्या रीतीने हेच करीत होत्या. दुष्काळातून वाचविलेल्या मुलींना त्यांनी विणकाम, शेतकाम, छापखाना शिकविला. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळविलेल्या या बाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलाचे भाषांतर खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत करण्यात घालविली, आणि त्याचे खिळे जुळविले ते त्यांच्या आश्रमातल्या मुलींनी. कोणत्याही वार्तेला पहिली अट भाषेची असते; ती रमाबाईंनी पुरी केली.

येथवरचा इतिहास सरळ आहे आणि तो सांगताना वक्त्याला अडचण पडत नाही. यापुढचा भाग तसा नाही.

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हणून जो भाग आहे, तो सर्वांना ठाऊक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो नेऊन सोडतो. परंतु ते नाव कशावरून पडले हे कॉलेजातल्या मुलांना विचारले, तर दहातील आठ गप्प बसतात. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला आणि १९२४ साली त्यास पुन्हा एकत्रित रूप देण्यात आले. एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची, तिच्या माणसांची नोंद करून बोटांचे ठसे घ्यावयाचे, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय बाहेर जावयाचे नाही, आणि जरूर वाटल्यास त्यांना वसाहतीत आणून डांबावयाचे, असा हा कायदा. माणसाने काय केले हे न विचारता तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच त्यात विचारले जाई. आपल्याकडे जातीने माणसाचा धंदा ठरविला होता. या कायद्याने अपराधही ठरविला.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सोलापुरात अशी वसाहत उभी राहिली आणि मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींत तिची गणना होऊ लागली. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट अशा भटक्या जमातींची कुटुंबे तेथे आणून ठेवण्यात आली. भोवती काटेरी तारेचे कुंपण होते. शहरात गिरण्या असल्यामुळे कामाला तोटा नव्हता; किंबहुना गिरण्या होत्या म्हणूनच वसाहतीला सोलापूर सोयीचे वाटले. सरकारला बंदोबस्त हवा होता आणि गिरणीला मजूर हवे होते, दोहोंची गाठ पडली. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे, त्याला संपाच्या दिवशी घरी बसण्याची मुभा किती असणार, हे निराळे सांगावयास नको.

ही वसाहत चालवावयाची कोणी? उत्तर हिंदुस्थानात सरकारने असले काम मुक्तिफौजेकडे दिले होते. सोलापुरात काही वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनकडे होते. म्हणजे ज्या मिशनने येथे बालवर्ग आणि मुलींची शाळा काढली, त्याच मिशनच्या हाती आता कुंपणाची किल्ली आली.

याचा विचार करताना आम्हांला घाईने निवाडा द्यावयाचा नाही. त्या काळच्या मिशनऱ्याची बाजू पुढे कोणी मांडीत नाही, म्हणून ती आधी मांडू. कायदा त्याने केला नव्हता. वसाहत त्याने घेतली नसती, तर ती पोलिसांच्या हाती राहिली असती, आणि पोलिसी अंमल म्हणजे काय हे त्या जमातींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. मिशनच्या माणसांनी आत शाळा चालविली, आजाऱ्याला औषध दिले, दारू आणि सावकारी यांपासून माणसे सोडविण्याची खटपट केली. ज्याला गावकुसाबाहेर कोणी नावाने हाक मारीत नव्हते, त्याला कोणीतरी नावाने हाक मारली. इलाख्यातील या खात्याचे प्रमुख अधिकारी स्टार्ट हे होते. वसाहतीतील माणसे सुधारतात, ती जन्मजात गुन्हेगार नाहीत, असे ते मानीत आणि त्यासाठी खपत. पुढे १९२८ ते १९३० या काळात अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करणारी जी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते. डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. तेव्हा ही सारी माणसे दुष्ट होती असे म्हणून मोकळे होण्याची सोय इतिहासाने आपल्याला ठेवलेली नाही.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती मिशनऱ्याच्याच हातातल्या पुस्तकात लिहिलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्या गावच्या सभास्थानात उभा राहतो आणि यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडून, आपण दरिद्र्यांसाठी आणि बंदीत पडलेल्यांच्या सुटकेसाठी आलो आहो, असे सांगतो. वसाहतीत रविवारच्या उपासनेला हा अध्याय वाचला असेल, तर तो ऐकणाऱ्या कैकाड्याच्या मनात काय आले असेल? वाचणारा आणि सकाळची हजेरी घेणारा, दोघेही एकाच संस्थेची माणसे. बंदिवानांची सुटका झाली, ही बातमी त्याला देणारा माणूसच त्याला संध्याकाळी परवाना आहे का म्हणून विचारणार.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार खोल वाटते. वसाहतीत सुटकेची एक वाट ठेवलेली होती. ज्याची वर्तणूक दीर्घकाळ चांगली राहील, त्याच्या कुटुंबाला तारेच्या बाहेर, देखरेख सैल असलेल्या वस्तीत घर मिळे. त्या वस्तीला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. राज्यकारभार म्हणून ही योजना शहाणपणाची होती, हे कबूल केले पाहिजे. तुरुंगापेक्षा ती कितीतरी बरी. पण शुभवर्तमान म्हणून तिच्याकडे पाहा. त्याच लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. घरातला वाटा उडवून, डुकरांमागे हिंडून तो मुलगा परत येतो. ‘मला चाकर म्हणून ठेवा’ असे बोलण्याची त्याने तयारी केलेली असते, पण तो दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. सहा महिने वर्तणूक पाहू, मग वाड्यात घेऊ, असे बाप म्हणत नाही. तसे म्हणणारा त्या गोष्टीत एकच आहे, आणि तो म्हणजे थोरला भाऊ. ख्रिस्ती धर्माचा सारा जीव या दाखल्यात आहे असे त्या धर्माचे जाणते लोक सांगतात: सुटका आधी, सुधारणा मागून. वसाहतीत क्रम उलटा होता: सुधारणा आधी, सुटका मागून. येथे तर गोष्टीतल्याहून अधिक होते, कारण आत ठेवलेल्यांपैकी कित्येकांनी काही उधळलेच नव्हते. गुन्हा न करता त्यांना शिक्षा होती आणि तीतून सुटण्यासाठी चांगले वागून दाखवावयाचे होते. बापाचे पुस्तक हाती घेऊन मिशनला थोरल्या भावाचे काम करावे लागले. ते त्यांनी प्रामाणिकपणे केले, पुष्कळांनी आपले आयुष्य त्यात घातले. म्हणूनच या गोष्टीची चुटपुट अधिक वाटते.

हे सर्व सांगताना दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही म्हण आम्ही विसरलेलो नाही. आमच्याच जिल्ह्यात चंद्रभागेच्या वाळवंटात सर्व जाती एकमेकांच्या पाया पडत होत्या, आणि वर देवळाच्या पायरीशी महार वारकऱ्याला थांबावे लागत होते. विठ्ठलाचे दार उघडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. वाळवंटातली बातमी गाभाऱ्यापर्यंत जावयास आम्हांला शतके लागली. तेव्हा मिशनला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला बेताचाच आहे.

तो अधिकार ज्याला होता, असा एक मनुष्य मात्र सोलापुरात येऊन बोलून गेला. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली होती. ते कोणता धर्म घेणार याची चर्चा तेव्हापासून देशभर चालू होती आणि निरनिराळ्या धर्मांचे लोक आशेने त्यांच्याकडे पाहत होते. अशा वेळी, जानेवारी १९३८ मध्ये, सोलापुरातील ख्रिस्ती मंडळींच्या सभेत त्यांचे भाषण झाले. ते ५ फेब्रुवारी १९३८ च्या ‘जनता’ पत्रात छापून आले. श्रोत्यांना गोड वाटेल असे बोलावयास त्यांना हरकत नव्हती, आणि आरंभ त्यांनी तसा केलाही. जगातल्या धर्मसंस्थापकांत बुद्ध आणि ख्रिस्त ही दोन व्यक्तिमत्त्वे आपल्याला विचारात घेण्याजोगी वाटतात, असे ते म्हणाले. सभेला केवढा आनंद झाला असेल! मग त्यांनी बोलण्याचा रोख बदलला.

त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. अस्पृश्याला ख्रिस्ती केले की आपले कर्तव्य संपले, असे मिशनरी समजतात. त्याच्या राजकीय हक्कांकडे पाहत नाहीत. शिष्यवृत्ती मिळणारा अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की शिष्यवृत्ती बंद होते. त्याची गरिबी मात्र होती तशीच राहते. तुमचा समाज शिकलेला आहे, शेकड्यांनी मुलेमुली मॅट्रिक झाली आहेत. तरी या अन्यायाविरुद्ध कोणी चळवळ केली नाही. अशिक्षित अस्पृश्य झगडून हक्क मिळवितात आणि तुम्ही शिकलेले लोक स्वस्थ बसता. मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की तो आणि ती आपापल्या संसारात बुडून जातात. सार्वजनिक कामाकडे वळत नाहीत. दक्षिणेतील ख्रिस्ती लोक देवळातसुद्धा जात पाळतात, हेही त्यांनी सुनावले.

हे भाषण आम्ही सेटलमेंटच्या शेजारी ठेवून वाचतो. स्टार्ट समितीवर काम केलेल्या डॉ. आंबेडकरांना वसाहती काय आहेत हे ठाऊक होतेच. मुलगी नर्स झाली आणि मुलगा मास्तर झाला, हे मिशनचे यशच होते. ज्याच्या बापाला अक्षर माहीत नव्हते, तो वर्गात फळ्यापाशी उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. बाबासाहेबांनी ते नाकारले नाही. त्यांचा प्रश्न त्यापुढचा होता: एकेक माणूस उचलून वर घेता, ठीक, पण ज्या कायद्याने, ज्या रूढीने तो खाली दाबला गेला, तिला हात कोण लावणार? मिशनने वसाहतीतील माणसाला शिकविले, पण वसाहतीचा कायदा अन्यायाचा आहे, तो रद्द करा, म्हणून सरकारशी भांडण करणे सरकारचीच वसाहत चालविणाऱ्याला कसे जमावे? प्रपंच सुधारण्यापर्यंत शुभवर्तमान आले, आणि कायद्याच्या दाराशी येऊन अडले. बाबासाहेबांचा आक्षेप श्रद्धेवर नव्हता. तिने बरोबर त्या दाराशीच पाय मागे घेतला, यावर होता. सभेला आलेल्या मंडळींपैकी किती जणांना तो पटला आणि किती जण मनातून खट्टू होऊन घरी गेले, हे आता कोण सांगणार? आम्हांला मात्र वाटते की, सोलापुरात ख्रिस्ती धर्मावर जी प्रवचने झाली असतील, त्यांत हे एक उत्तम प्रवचन होते, आणि ते ख्रिस्ती नसलेल्या माणसाने केले.

शिष्यवृत्तीचा त्यांचा मुद्दा तर पुढे अधिकच खरा ठरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला.

कुंपण पडले ते कायद्यानेच. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९३९ साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्याने कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला. त्या दिवसापासून या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा निराळा कायदा केला, तेव्हा पोलिसांची जुनी नजर काही अगदीच बदलली नव्हती. पण सेटलमेंटच्या शाळांत अक्षर गिरविलेल्या पिढीतून एव्हाना शिक्षक आणि कार्यकर्ते निघू लागले होते. आपली फिर्याद आता ते आपल्या हाताने लिहीत होते.

काही दिवसांपूर्वी आम्ही त्या भागात गेलो होतो. गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. तारेचा मागमूस नाही. लेकरे गल्लीत क्रिकेट खेळत होती. आमच्याबरोबर एक कॉलेजातला तरुण होता. पाटीवर ‘फ्री कॉलनी’ हे नाव वाचून त्याने तेथल्या एका म्हाताऱ्याला सहज विचारले, “आजोबा, फ्री म्हणजे ही घरे फुकट मिळाली होती का हो?”

म्हातारा हसला. म्हणाला, “फुकट कुठली बाबा? हजेऱ्या देऊन मिळाली.”